कॉलम कुठला, भिंत कुठली? ईआरपी आपल्या मापाचं करताना

"स्टॉक किती?" हा साधा प्रश्न एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यात, तिघांना विचारून बघा. स्टोअरचा माणूस म्हणेल, चारशे नग. अकाउंट्सवाला म्हणेल, पाच हजार किलो. वजनकाट्याची पावती म्हणेल, ५,१२० किलो. यातलं खोटं कुणीच बोलत नाही. ड्रॉइंगवर एका कास्टिंगचं, म्हणजे ओतलेल्या भागाचं, वजन साडेबारा किलो लिहिलेलं असतं, त्या हिशेबाने चारशे नगांचे पाच हजार किलो होतात. पण ओतताना वाळूचा साचा जरासा फुगला, की तोच नग १२ किलो ८०० ग्रॅम भरतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, काट्याला दिसतो.

आता या कंपनीला ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायचंय. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर 'स्टॉक' नावाची एकच चौकट आहे. तिच्यात कोणता आकडा लिहायचा?

ईआरपीवर लाखो-कोटी रुपये घालून कंपन्या वैतागतात, त्याचं मूळ बरेचदा अशाच एखाद्या चौकटीत असतं. मी बरीच वर्षं ही सॉफ्टवेअरं बसवण्याचं काम करतोय, आधी पुण्याकडे आणि नंतर कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात. पहिल्या मीटिंगला मालक हमखास विचारतात, "आमच्या पद्धतीप्रमाणे करून देणार ना?" हो म्हटलं तर पुढं फसायला होतं आणि नाही म्हटलं तर काम जातं. या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला थोडं मागं जावं लागतं.

ईआरपी म्हणजे सगळ्या खात्यांची मिळून एकच वही. गेटवर ट्रक आला, स्टोअरने माल उतरवून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केलं, की त्याच नोंदीवरून स्टॉक वाढतो, पुरवठादाराचं देणं उभं राहतं, प्रॉडक्शनला कळतं की उद्याचं मशिन चालू ठेवायला माल आलाय. आधी हे चार वह्यांत चार वेळा लिहिलं जायचं आणि महिनाअखेरीला चारही वह्या एकमेकींशी भांडायच्या.

'ईआरपी' हे नाव १९९० मध्ये गार्टनर या सल्लागार कंपनीने रूढ केलं, पण कल्पना त्याहून जुनी आहे. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जर्मन इंजिनिअरांनी सॅप ही कंपनी काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आयसीआय या रसायन कंपनीचा ऑस्ट्रिंगेन गावातला नायलॉनच्या धाग्याचा कारखाना. त्या एका कारखान्याच्या गरजेतून सुरुवात झाली, मग तशाच गरजा असलेला दुसरा कारखाना आला, मग तिसरा. प्रत्येकाकडून काही शिकत, काही गाळत ते सॉफ्टवेअर सगळ्यांना चालेल असं होत गेलं. म्हणजे आज आपण 'स्टँडर्ड' म्हणून विकत घेतो ते दुसऱ्या कुणाच्या तरी सवयींचं गाठोडं असतं. त्या सवयी चांगल्या असतीलही, हजारो कंपन्यांत तावून-सुलाखून निघालेल्या असतील. पण त्यांच्यात शिरोलीच्या फाउंड्रीचा वजनकाटा नव्हता.

फ्लॅटचं उदाहरण

नवा फ्लॅट ताब्यात आल्यावर आपण काय करतो ते आठवा. कपाटं करतो, पडदे लावतो, दिवे बदलतो. याला कुणाला विचारावं लागत नाही. मग कुणी किचनचा ओटा वाढवतं, माळा काढतं, हॉल आणि बेडरूममधली विटांची भिंत पाडून टाकतं. खर्च येतो, धूळ होते, पण होतं. आणि मग एखादा म्हणतो, हा कोपऱ्यातला कॉलम फार आड येतोय, काढून टाकू. तिथं मिस्त्री हातातली छिन्नी खाली ठेवतो.

ईआरपीतही असेच थर असतात. पहिला थर म्हणजे कॉन्फिगरेशन, सॉफ्टवेअरने स्वतःच ठेवलेली बटणं. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च की जानेवारी ते डिसेंबर, किती रकमेवरच्या खरेदीला कुणाची मंजुरी, कराचे दर, गोदामं किती. यात कोड लिहावा लागत नाही. दुसरा थर म्हणजे भर घालणं: एखादा जादा रकाना, आपल्या नमुन्यातलं चलन, एखादा वेगळा रिपोर्ट. सॅपमध्ये गिऱ्हाइकाने स्वतः केलेल्या गोष्टींची नावं झेड किंवा वाय या अक्षरांनी सुरू होतात. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ती या नावांना हात लावत नाही, म्हणून ही दोन अक्षरं राखून ठेवलेली. त्यामुळे आमच्या धंद्यात 'झेड' हे विशेषणच होऊन बसलंय. झेड रिपोर्ट, झेड प्रोग्रॅम, झेड टेबल. टॅलीवाले हेच काम टीडीएल नावाच्या त्यांच्या भाषेत करतात. मुंबईत जन्मलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जादा रकाने मूळ कोडपासून वेगळे साठवले जातात, म्हणून अपडेटनंतर ते जागच्या जागी राहतात. सगळ्यांचा हेतू एकच: तुमचं सामान तुमच्या खोलीत राहू दे, इमारतीच्या सांगाड्यात मिसळू नका.

तिसरा थर म्हणजे सांगाड्यालाच हात घालणं. सॉफ्टवेअरने आत धरलेली गृहीतकं बदलणं. हे करता येतं, पैसे मोजले की करून देणारेही भेटतात. पण त्या दिवसापासून ती इमारत तुमची एकट्याची. बिल्डर पुढच्या वर्षी नवी लिफ्ट बसवायला आला तरी तुमच्या मजल्यावर थांबणार नाही.

हा पुढचा खर्च लोकांच्या ध्यानात येत नाही. बदल करून घेताना बिल एकदाच येतं, त्याचं भाडं मात्र प्रत्येक नव्या आवृत्तीला द्यावं लागतं. सॅपने आपल्या जुन्या पिढीच्या सॉफ्टवेअरची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबवायचं जाहीर केलंय, म्हणून सध्या बऱ्याच कंपन्या आपापली झेडची कपाटं उघडून बसल्या आहेत. मी पाहिलेल्या एका कपाटात शंभराच्या वर रिपोर्ट होते. ते करून घेणारे निम्मे साहेब केव्हाच निवृत्त झालेले. रिपोर्ट शेवटचा कधी उघडला याची नोंद सिस्टिम ठेवते. ती काढल्यावर त्यातले बहुतेक वर्षभरात कुणी बघितलेही नव्हते. तरी प्रत्येकाला नव्या घरी न्यायचं की नाही यावर मीटिंगा झाल्या. जुनी भांडी टाकवत नाहीत, त्यातलाच प्रकार.

लिडलची गोष्ट

सांगाड्याला हात घातल्यावर काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मनीतलं आहे. लिडल ही तिथली स्वस्त किराणा दुकानांची प्रचंड साखळी. तिचं मुख्यालय नेकार्सुल्मला, सॅपचं वाल्डॉर्फला, दोन्ही एकाच राज्यात. २०११ मध्ये लिडलने आपली जुनी, घरीच लिहिलेली मालव्यवस्था बदलून सॅप आणायला सुरुवात केली. २०१८ मध्ये काम गुंडाळलं. जर्मन वर्तमानपत्रांच्या वृत्तांनुसार तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाले होते. कंपनी जुन्या सॉफ्टवेअरकडे परत गेली.

कारणं अनेक सांगितली गेली, पण एक पुन्हा पुन्हा येतं. लिडल आपल्या मालाची किंमत खरेदीच्या दराने मांडायची. सॅपच्या किरकोळ विक्रीच्या सॉफ्टवेअरचा मूळ आराखडा विक्रीच्या दराने मांडायचा होता. लिडलला आपली पद्धत सोडायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. एका रकान्याऐवजी दुसरा घ्या, झालं! पण समजा, दुधाचा पुडा ७० सेंटला घेतला आणि १०० सेंटला विकायला ठेवला. एका वहीत फळीवरच्या त्या पुड्याची किंमत ७०, दुसऱ्या वहीत १००. आता शुक्रवारी सवलत लावून भाव ९० केला. विक्रीदराच्या वहीत त्याच क्षणी प्रत्येक पुड्यामागे १० सेंटनी मालाची किंमत उतरली, म्हणजे नोंद करावीच लागणार. खरेदीदराच्या वहीत मात्र काहीच घडलं नाही, पुडा विकला जाईपर्यंत ती वही शांत. तीच गोष्ट एका वहीत व्यवहार आहे आणि दुसरीत व्यवहारच नाही. मग दुकानातून दुकानात माल हलवणं, खराब माल फेकणं, चोरीची तूट, महिन्याचा नफा, सगळं त्या एका गृहीतकावर उभं. हा कॉलम होता. बाहेरून भिंतीसारखा दिसला एवढंच.

लिडलची गोष्ट सांगून बहुतेक सल्लागार एकच तात्पर्य काढतात: कस्टमायझेशन करू नका, स्टँडर्ड घ्या आणि आपली पद्धत बदला. मला ते पटत नाही. हजार छोटे बदल करून सुखाने नांदणाऱ्या कंपन्या आहेत आणि एकाच बदलापायी बुडालेली कामंही आहेत. बदल किती केले यापेक्षा तो किती खोल गेला हे मोजायला हवं. आणि त्याआधी आणखी एक गोष्ट विचारायला हवी: आपल्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये हा फरक मुळात आला कुठून?

फरक कुठून आला

कधी तो कायद्यातून येतो. तिथे वाद संपतो, फरक मिटवावाच लागतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा एक्साइज आणि व्हॅटची गणितं ज्यांनी प्रोग्रॅमच्या पोटात कोरून ठेवली होती त्यांना ती खणून काढावी लागली. ज्यांनी कराचे दर सेटिंगमध्ये ठेवले होते त्यांचंही काम वाढलं, पण कुदळ लागली नाही. ई-इनव्हॉइसचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर उतरली. जो आकडा सरकार बदलू शकतं तो कोडमध्ये लिहायचा नाही, हे त्या काळात पुष्कळांनी पैसे देऊन शिकून घेतलं.

जॉबवर्क हे आपल्याकडचं खास प्रकरण. भोसरी असो की कागल, एकच कंपनी सगळी प्रक्रिया आपल्या छपराखाली करत नाही. कास्टिंग एकीकडे, फेटलिंग (कास्टिंगवरचा जादा धातू काढून ते साफ करणं) दुसरीकडे, मशिनिंग तिसरीकडे, प्लेटिंग चौथीकडे. माल मालकाचाच, फिरतो फक्त चलनावर. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर बसतो. म्हणजे कुणाकडे, कोणत्या चलनाने, किती तारखेला गेला आणि त्यातलं किती आलं, हे चलनागणिक जुळवता आलं पाहिजे.

परदेशी सॉफ्टवेअरच्या मूळ आराखड्यात माल एका जॉबवर्करकडे जातो, आपल्या स्टोअरला परत येतो, मग दुसऱ्याकडे जातो. आपल्याकडे टेम्पो फेटलिंगवाल्याकडून सरळ मशिनिंगवाल्याकडे जातो. कायद्याची त्याला परवानगी आहे. टेम्पोचं भाडं वाचतं, अर्धा दिवस वाचतो. मग सिस्टिमची समजूत घालायला स्टोअरवाला एका मिनिटात कागदोपत्री माल आत घेतो आणि पुढच्या मिनिटात बाहेर काढतो. कागदावर माल स्टोअरला येऊन गेला, प्रत्यक्षात आलाच नाही. एवढ्याने भागत असेल तर भागू द्यावं. पण रोज अशी तीसेक चलनं होत असतील तर त्यासाठी एक नीट पडदा करून घेण्यात मला काही वावगं दिसत नाही. ही भर दुसऱ्या थरातली आहे. भिंत आहे, कॉलम नाही.

कधी फरक मालाच्या गुणधर्मातून येतो. इथे आपली फाउंड्री पुन्हा येते.

तयार सॉफ्टवेअरमध्ये दोन एककं ठेवता येतात, पण त्यांच्यातलं नातं ठरलेलं असतं. एक डझन म्हणजे बारा, एक टन म्हणजे हजार किलो. तसंच एक नग म्हणजे साडेबारा किलो असं ते धरून चालतं. आपला नग तसा वागत नाही. मग पर्याय काय? एक म्हणजे स्टॉक नगातच ठेवायचा आणि प्रत्यक्ष वजन जीआरएनवर नुसतं माहितीपुरतं लिहायचं. दुसरा म्हणजे प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याला, वेगळी बॅच धरून त्या बॅचचं सरासरी वजन लावायचं. काही सॉफ्टवेअरांत तशी सोय तयार असते. तिसरा म्हणजे दोन्ही आकडे समांतर चालवायचे, दर नोंदीला नग वेगळा आणि किलो वेगळा. हा शेवटचा पर्याय मालकांना सगळ्यात आवडतो आणि तोच सगळ्यात खोल जातो, कारण मग स्टॉकला हात लावणारी प्रत्येक नोंद दोन आकड्यांची होते.

यातला कोणता घ्यायचा हे सॉफ्टवेअरच्या पुस्तकात सापडत नाही. ते गिऱ्हाइकाशी झालेल्या करारात असतं. गिऱ्हाईक ड्रॉइंगच्या वजनावर पैसे देत असेल, तर जादाचे १२० किलो लोखंड फाउंड्रीने फुकट दिलं. मग बिलासाठी नग पुरेसे आहेत आणि ते १२० किलो स्टॉकमध्ये न दिसता मोल्डिंगच्या, म्हणजे साचे करण्याच्या, कामगिरीच्या रिपोर्टमध्ये दिसायला हवेत, कारण तो तोटा तिथं झालाय. गिऱ्हाईक काट्यावरच्या वजनाने पैसे देत असेल तर वजन हा पैसाच आहे, मग बॅच लावावी लागेल. शिरोलीच्या ज्या कामाबद्दल मी बोलतोय तिथे ही गोष्ट कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. आधी सगळे सॉफ्टवेअरवर भांडत होते. शेवटी मार्केटिंगच्या माणसाने कपाटातून चार मोठ्या गिऱ्हाइकांच्या जुन्या ऑर्डरी काढल्या. तिघं ड्रॉइंगवर देत होते, एक काट्यावर. त्या एका गिऱ्हाइकाच्या मालाला बॅच लावली, बाकी सगळं नगात ठेवलं. कोडची एक ओळ लिहावी लागली नाही.

असाच दुसरा गोंधळ रनर-रायझरचा. साच्यात धातू ओतताना तो आत नेणाऱ्या वाटा आणि आकसताना पुरवठा करणारे खांब, हे सगळं थंड झाल्यावर कास्टिंगला चिकटून बाहेर येतं. ते तोडून पुन्हा भट्टीत टाकतात. ओतलेल्या लोखंडाचा मोठा भाग असा फिरून परत येतो. ईआरपीच्या बीओएममध्ये, म्हणजे कशासाठी काय माल लागतो त्या यादीत, कच्चा माल खाली, तयार माल वर. आमच्याकडे तयार मालाचा एक हिस्सा पुन्हा कच्चा माल. त्याची किंमत काय धरायची? कास्टिंगच्या खर्चावरून काढावी तर तो खर्च रनर-रायझरच्या किमतीवरून ठरतो. गणित स्वतःचीच शेपूट पकडून गोल फिरायला लागतं. यावर एका कंपनीत कुणीतरी मोठा झेड प्रोग्रॅम लिहून ठेवला होता, दर महिन्याला रात्रभर चालायचा आणि सकाळी चुकायचा. उत्तर अकाउंट्सच्या बाईंनी दिलं: "रिटर्नला बाजारातल्या स्क्रॅपचा दर लावा की, तिमाहीला एकदा बदलू." संपलं. रात्रभर चालणारा तो प्रोग्रॅम एका हिशेबी निर्णयाची उणीव भरून काढत होता.

दूध संघांचं आणि साखर कारखान्यांचंही असंच आहे. दुधाचा भाव लिटरवर ठरतो पण फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) बघून, म्हणजे प्रत्येक कॅनचा दर वेगळा. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतुकीपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत वजावटी होतात आणि कायद्याने पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. तिथे बाहेरचं ईआरपी तसंच्या तसं बसेल अशी आशाच करू नये. स्थानिक माणसांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं तिथे टिकली आहेत ती उगाच नाही.

आणि कधी फरक माणसांतून येतो

हा प्रकार ओळखायला अवघड, कारण तो कायदा किंवा धंद्याची गरज म्हणून समोर येतो. "आमच्याकडे मागच्या तारखेने नोंद करायची सोय पाहिजेच" ही मागणी मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकली आहे. का, असं विचारलं की उत्तर येतं, "पूर्वीपासून तसंच आहे." एका ठिकाणी खोलात गेल्यावर कळलं की पिग आयर्नचे (कच्च्या लोखंडाचे) ट्रक रात्री येतात आणि स्टोअर संध्याकाळी सहाला बंद होतं. वॉचमन ट्रक आत घेतो, माल उतरतो, भट्टीत जायलाही लागतो आणि जीआरएन दुसऱ्या दिवशी अकराला. म्हणून मागची तारीख. शिफ्टचा प्रश्न सॉफ्टवेअरच्या गळ्यात मारला होता. रात्री एक माणूस स्टोअरला बसवल्यावर मागणी आपोआप विरली. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणं बंधनकारक आहे आणि ती नोंद बंद करता येत नाही. त्यामुळे मागच्या तारखेचा मोह तसाही महागात पडतो.

मंजुरीच्या साखळ्या हा याच घराण्यातला. दोन हजारांच्या ग्रीसच्या डब्याला पाच सह्या. हे सॉफ्टवेअरमध्ये सहज बसवता येतं, पहिल्याच थरातलं काम आहे. पण त्या पाचातल्या तिघांना सही करताना समोर काय आहे हेही माहीत नसतं. मागे कधीतरी खरेदीत घोटाळा झाला, त्यानंतर एक सही वाढली आणि तिला काढायचा धीर कुणालाच झाला नाही. सॉफ्टवेअर आल्यावर अविश्वास ताशी शंभर किलोमीटरने धावायला लागतो, एवढाच फरक.

याच्या उलट टोकाला 'स्टँडर्डच वापरायचं' असा फतवा असतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेकडे १९९९ पासून सॅप होतं, वर्षानुवर्षं आपल्या सवयींप्रमाणे वळवून घेतलेलं. त्यांनी ओरॅकलचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं तेव्हा धोरण होतं, आहे तसं घ्यायचं, आपण बदलायचं. प्रत्यक्षात माणसं बदलली नाहीत. जुन्या सवयी एकेक करत नव्या सॉफ्टवेअरमध्ये शिरल्या. एप्रिल २०२२ मध्ये ते चालू झालं आणि बँकेत आलेला पैसा कुठल्या खात्याचा हे जुळवणारा, खास त्यांच्यासाठी वळवलेला भाग नीट चालेना. माणसांना हाताने जुळवाजुळव करत बसावं लागलं. सुमारे १ कोटी ९० लाख पौंडांचं काम २०२३ पर्यंत १० कोटींच्या अंदाजावर गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालिकेने आपण खर्च भागवू शकत नाही अशी नोटीस काढली. तिचं मुख्य कारण समान वेतनाच्या दाव्यांचं ओझं होतं, पण नेमक्या त्या काळात आपली तिजोरी किती रिकामी आहे हे सांगणारी वहीच धड नव्हती. पुढे त्यांनी ओरॅकल पुन्हा नव्याने, स्टँडर्ड रूपात बसवायचं ठरवलं. स्टँडर्ड घ्यायचं तर आपली पद्धत कोण, कधी आणि कुणाच्या विरोधाला तोंड देऊन बदलणार हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता काढलेला फतवा म्हणजे मागच्या दाराने कस्टमायझेशन.

सिस्टिमला न सांगितलेल्या गोष्टी

आतापर्यंत मी त्या फरकांबद्दल बोललो जे मीटिंगमध्ये कुणीतरी बोलून दाखवतं. खरा घात न बोललेल्या फरकांनी होतो.

हर्शी ही अमेरिकेतली मोठी चॉकलेट कंपनी. तिने ११.२ कोटी डॉलर खर्चून तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकत्र बसवली आणि १९९९ च्या उन्हाळ्यात, हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या हंगामाच्या तोंडावर, सगळी एकदम चालू केली. त्या हंगामात गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत. घाई हे मोठं कारण होतंच. पण नंतरच्या विश्लेषणांत आलेला एक तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सणाआधी माल इतका साठायचा की मिळेल त्या जागेत, कारखान्यातल्या रिकाम्या खोल्यांत, भाड्याच्या जागांत तो ठेवला जायचा. जुन्या माणसांना या जागा तोंडपाठ होत्या. नव्या सॉफ्टवेअरला त्या साठवणीच्या जागा म्हणून कुणी सांगितल्याच नव्हत्या. चॉकलेट होतं, पण सिस्टिमच्या लेखी नव्हतं.

म्हणून नवीन काम घेतलं की मी ब्लूप्रिंटच्या, म्हणजे नव्या सिस्टिमच्या कागदी आराखड्याच्या, आधी स्टोअरमधली वही मागतो. प्रत्येक स्टोअरला अशी एक असते, लाल कापडी पाठीची किंवा एखाद्या बँकेने फुकट दिलेली डायरी. तिच्यातले रकाने हा कंपनीचा खरा आराखडा. शिरोलीच्या त्या फाउंड्रीत स्टोअर सांभाळणाऱ्या तात्यांनी आधी ती दाखवायलाच नकार दिला. "अवो साहेब, ती माझी वही हाय. सिस्टिममधी नसतंय ते हितं असतंय." मी म्हटलं, तात्या, मला नेमकं तेच पाहिजे.

आम्ही त्यातले रकाने एकेक करून घेतले. हीट नंबर, पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) कुणाचा, गिऱ्हाइकाने फुकट दिलेला माल, रिजेक्शन परत आलं ते कुठल्या चलनावरचं. बहुतेक सगळं सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होतं, फक्त दुसऱ्या नावाने. दोन रकाने नव्याने घातले.

गो-लाइव्हनंतर, म्हणजे सिस्टिम चालू झाल्यावर, तीन महिन्यांनी गेलो तेव्हा वही टेबलावरच होती. मी काही बोलायच्या आत तात्यांनी ती माझ्याकडे सरकवली. आता तिच्यात एकच रकाना भरत होते, वर लिहिलं होतं: 'टेम्पोत'. संध्याकाळी फेटलिंगवाल्याकडून निघालेला आणि सकाळी मशिनिंगवाल्याकडे पोचणारा माल. रात्रभर तो ना इकडे ना तिकडे, हायवेलगत ड्रायव्हरच्या दारात उभा. सिस्टिमने त्याला त्याच संध्याकाळी मशिनिंगवाल्याच्या नावावर टाकून दिलं होतं. मागच्या आठवड्यात दोन पेट्या कमी भरल्या तेव्हा मशिनिंगवाला म्हणाला, माझ्याकडे आल्याच नाहीत. तात्यांनी वहीतून टेम्पोचा नंबर काढून दिला.

सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक गोदाम उघडायला दहा मिनिटं लागतात. पहिल्या थरातलं काम. त्याला आम्ही 'टेम्पो' असंच नाव दिलं.